गुरुवारी सुटलेली बोट

ड्वाइट हॅव्हरस्टॉकची बोट ओहायोहून मेरीलँडला आमच्या बोटदुरुस्तीच्या यार्डात आली ती ट्रकवरून. मागोमाग गाडीतून तो आणि त्याची बायको कोरीन. बोट उतरवून लोखंडी टेकूंवर उभी केली, तसा तो लिनवुडला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हणाला, "तुमची जागा फार दिवस नाही अडवणार. थोडी डागडुजी आहे, ती झाली की निघालो. बहामा, मग पनामा, मग पुढचं पुढे. घर विकूनच आलोय. आता हेच घर."

लिनवुडने मान डोलावली. त्याच्या आजोबांपासून या खाडीवर आमचं यार्ड आहे, आणि 'फार दिवस नाही' म्हणणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली आहेत. तो कुणाला काही बोलत नाही. फक्त अशा माणसाची बोट कुंपणाच्या कडेला लावतो. मग पुढच्यांच्या वाटेत येत नाही.

त्याला सहा वर्षं झाली.

या सहा वर्षांत ड्वाइट रिकामा बसला असं कुणी म्हणू शकणार नाही. जन्मभर लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. हातात कला आणि डोक्यात शिस्त. त्याने इंजिन उतरवून पुन्हा चढवलं. पाण्याच्या टाक्या बदलल्या. डोलकाठीच्या तारा नव्या केल्या. मग खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र बसवलं. यंत्राला वीज लागते म्हणून छतावर सौरऊर्जेच्या पट्ट्या आल्या. पट्ट्यांच्या वजनाने बोट मागे बसेल असं गणित निघालं, म्हणून पुढचा भाग खोलला. पुढचा भाग होईपर्यंत इंजिन जुनं झालं.

कोरीन तिकडे ओहायोत, डेटनला, मुलांना पियानो शिकवायची. पियानो तिने चर्चला देऊन टाकला, कारण बोटीत तो मावणार नव्हता. मग ती जमिनीवरच्या बोटीत शिडीने चढू-उतरू लागली. बाजाराच्या पिशव्या दोरीने वर ओढायची. आंघोळीला आणि कपडे धुवायला आमच्या धुलाईघरात यायची. दुसऱ्या उन्हाळ्यात तिने बोटीच्या सावलीच्या कडेला टोमॅटो लावले. लिनवुड ते बघून मला हळूच म्हणाला, "एग्नेस, ज्या बोटीखाली टोमॅटो पिकायला लागले, तिला आता मुळं फुटली समज."

पण संध्याकाळी शेडखाली शेगडी पेटली की ड्वाइटसारखं बोलणारा यार्डात दुसरा नव्हता. "पहाटे डोळे उघडावेत," तो म्हणायचा, "आणि खिडकीत रोज वेगळं बेट असावं. कुणाला जाब द्यायचा नाही. वारा म्हणेल तो पत्ता." ऐकणाऱ्याच्या हातातलं मक्याचं कणीस तसंच राहायचं. त्याचं ऐकून खरोखर काही जण निघून गेले. एका दातांच्या डॉक्टरने दवाखाना विकला. एक तरुण जोडपं तान्हं मूल घेऊन गेलं. ती माणसं कुठल्या कुठल्या बेटांवरून चित्रांची कार्डं पाठवायची, ड्वाइटचे आभार मानायची. कोरीन ती कार्डं फडताळाच्या आतल्या बाजूला, पिठाच्या डब्यामागे चिकटवायची.

तो मला 'मिस एग्नेस' म्हणायचा, जसं इकडे सगळेच म्हणतात. मी कॅथलिक. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाते, दुपारी जपमाळ घेते, शुक्रवारी मांस खात नाही. त्याचं त्याला मोठं नवल. "मिस एग्नेस, राग मानू नका, पण मी जे मोजता येतं तेवढंच मानतो," असं तो अदबीने सांगायचा. मी कसला राग मानणार. त्याच्या बोटीवर केळं न्यायची बंदी होती, केळ्याने बोट बुडते म्हणून. कोरीन केळी टोमॅटोंपाशी उभी राहून खायची. बोटीवर शीळ घालायची नाही, वादळ येतं. डोलकाठीच्या बुडाशी त्याने शुभ म्हणून नाणं ठेवलं होतं. मी कधी हसले नाही. ज्याची त्याची व्रतं.

आता कोरीनचं सांगते. पहिल्याच वर्षी ती मला म्हणाली होती, "मला पाण्याची हौस नाही गं. त्याला आहे म्हणून आले." पण दर बुधवारी संध्याकाळी आमच्या खाडीत शिडांच्या शर्यती असतात, आणि नदीन नावाच्या इथल्याच एका बाईच्या बोटीवर एक हात कमी पडत होता. कोरीन गेली. पुढच्या बुधवारी परत गेली. ड्वाइटला कधी सवड नव्हती, त्याचं काम असायचं. सहा वर्षांत कोरीन शीड चढवायला, सुकाणू धरायला, वाऱ्याचा वास घ्यायला शिकली. लोकांच्या बोटी दक्षिणेला पोहोचवायला नदीनबरोबर जाऊ लागली. परत यायची तेव्हा नाक सोललेलं आणि चालणं निराळं. मग शिडीने चढून जमिनीवरच्या बोटीत झोपायची.

यंदा वसंतात ती ऑफिसात आली आणि लिनवुडला म्हणाली, "सोमवारी क्रेन मोकळी आहे ना? आमची बोट पाण्यात टाक."

"ड्वाइटला विचारलंस?"

"बोट दोघांच्या नावावर आहे."

सोमवारी बोट पाण्यात गेली. ड्वाइट धक्क्यावर उभा राहून सगळ्यांचे हात हातात घेत होता. लोक म्हणाले, किती आनंद झालाय त्याला. मला त्याचा चेहरा दाताच्या दवाखान्यात नंबर लागलेल्या माणसासारखा वाटला.

उन्हाळा तसाच गेला. विम्याची माणसं वादळांचा मोसम सरेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर लागेपर्यंत, दक्षिणेला जाऊ देत नाहीत. ड्वाइटने तो नियम कुरकुर न करता पाळला.

ऑक्टोबरात आमच्या पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या मंडळींचं, जेवण असतं. त्याला लागणाऱ्या मांसात भरायची केलची पालेभाजी आणि कोबी चिरायला कोरीन दर वर्षी येते, जरी ती मेथडिस्ट पंथाची आहे. चिरता चिरता ती म्हणाली, "एग्नेस, तू ते नऊ दिवसांचं करतेस ना, मागणं असलं की?"

"करते."

"आमच्यात तसं नसतं. पण तू माझ्यासाठी करशील? यंदा बोट सुटू दे, एवढंच." सुरी थांबवून ती म्हणाली, "नाही सुटली तर मी डेटनला बहिणीकडे जाणार आहे. आणि परत नाही येणार. त्याला सांगितलेलं नाही. धमकी दिली म्हणून तो निघाला, असं मला नकोय."

"अगं, पण लग्नाला चाळीस वर्षं..."

"म्हणूनच म्हणते. चाळीस वर्षं मी शेजारच्या खोलीतून त्याचं स्वप्न ऐकलंय. आता ते माझं झालंय, एग्नेस. त्याच्याकडे राहिलंय की नाही, मला माहीत नाही."

मी हो म्हटलं. संत ज्यूडचा सण महिनाअखेरीला येतो. हरल्या कामांचा संत. त्याचीच नऊ दिवसांची प्रार्थना धरली.

दोन दिवसांनी ड्वाइट माझा बिघडलेला टोस्टर दुरुस्त करून घेऊन आला. ठेवला, पण गेला नाही. खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवत उभा राहिला.

"मिस एग्नेस, तुम्ही ते करता ना, संतांना वगैरे सांगता. माझा विश्वास नाही, ठाऊकच आहे तुम्हाला."

"ठाऊक आहे."

"पण हवामानाचं काही मागता येतं का?"

"मागायला काय. चांगलं हवामान मागू तुमच्यासाठी?"

"चांगलंच. म्हणजे..." तो टोस्टरकडे बघत म्हणाला, "जरा उशिरा चांगलं."

"उशिरा म्हणजे कधी?"

"मार्चनंतर."

मी त्याला कॉफी दिली. त्याने ती उभ्यानेच प्यायली. "कोरीनला नका सांगू," म्हणाला. "तिचं मन मोडेल. माझ्या स्वप्नापायी तिने पियानो दिला."

तेव्हा एकाच संतापाशी, एकाच मेणबत्तीपुढे, मी दोघांची नावं घेऊ लागले. एकीचं मागणं, बोट जावी; एकाचं, राहावी. कुणाचं गुपित कुणाला सांगायचं नाही हे तर ठरलेलंच. मी नुसतं पोचवायचं काम केलं. कुणाचं ऐकायचं ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

सण झाला. हवामान उघडलं. आकाश धुतल्यासारखं, आणि वायव्येचा वारा येणार, दोन-तीन दिवस टिकणार, असं रेडिओवर सांगू लागले. दक्षिणेला जाणाऱ्याला याहून चांगला वारा मिळत नाही. बुधवारी शेडखाली निरोपाचं जेवण ठेवलं. कालवं भाजली, लोकांनी भेटी आणल्या. दर वर्षी आणतात, पण या वेळी बोट पाण्यात होती म्हणून जरा बऱ्या आणल्या.

ड्वाइटने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं ते मला इकडून दिसलं.

"अरेरे," तो म्हणाला. "नोव्हेंबरची पहिली तारीख शुक्रवारी येतेय."

"मग?" कोरीन म्हणाली.

"शुक्रवारी कुणी प्रवासाला निघत नाही, कोरीन. कुठल्याही खलाशाला विचार. शनिवारी निघू."

"शनिवारी रात्री वारा फिरतो. मग आठवडाभर दक्षिणेचा, तोंडावर."

"मग तो सरेपर्यंत थांबू."

"मग थंडी."

"मग वसंत," ड्वाइट म्हणाला. त्याचा आवाज किती गोड झाला होता.

शुक्रवारी का निघायचं नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. आम्हा लोकांना ठाऊक असतं. आमच्या प्रभूच्या क्रुसावरच्या मरणाचा वार तो. ज्याला ड्वाइट मानत नव्हता, त्याच्या मरणाचा वार तो मात्र मनापासून पाळत होता. आणि यंदा त्याच शुक्रवारी सर्व संतांचा सण होता. माझ्या हिशेबी निघायला त्याहून बरा दिवस नव्हता. पण मला कुणी विचारलं नाही.

लिनवुड कालवं फोडत होता. मान वर न करता तो म्हणाला, "माझे आजोबा गुरुवारी संध्याकाळी धक्का सोडायचे."

"म्हणजे?" कोरीनने विचारलं.

"कालवांच्या मोसमात शुक्रवारी निघायची पाळी आली, तर आदल्या दिवशी धक्का सोडायचा, खाडीच्या तोंडाशी जायचं आणि नांगर टाकून झोपायचं. प्रवास गुरुवारी सुरू झाला ना. शुक्रवारी नुसता पुढे चालवायचा. सगळेच करायचे तसं." त्याने एक कालव तोंडात टाकलं. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला फक्त आजोबांबद्दल बोलायला आवडतं.

कोरीनने ड्वाइटकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"खलाशांचीच रीत आहे," ती म्हणाली.

"हो," ड्वाइट म्हणाला. "म्हणजे, ऐकलंय मी."

गुरुवारी दुपारी त्याला एक क्लॅम्प कमी आहे असं आढळलं. पाण्याच्या नळीला आवळायची पट्टी, करंगळीएवढी. तशा पट्ट्यांचा एक डबा बोटीवर होता, पण या मापाची नव्हती. "आलोच," म्हणून तो गाडी काढू लागला.

"ड्वाइट," कोरीन म्हणाली, "आज गुरुवार आहे. उजेड असताना खाडीच्या तोंडाशी जायचंय."

"अगं, दुकान काय चंद्रावर आहे?"

ती धक्क्यावर वाट बघत बसली. मी धुलाईघरातल्या चादरी घड्या करत होते, तिथून ती दिसत होती. ऊन उतरलं. शेजारच्या गल्लीतून हॅलोविनची पोरं भुताच्या कपड्यात जाऊ लागली. ओहोटी लागली तशी ती उठली. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. पहिल्या फटक्यात सुरू झालं. ड्वाइटचं काम नेहमीच पक्कं.

मी धक्क्यावर गेले. तिने पुढचा दोर आत घेतला होता.

"मागचा सोडतेस का गं?" ती म्हणाली. "मला सुकाणू सोडून येता येत नाही."

"तो?"

"लहान होडी धक्क्याला बांधून ठेवलीय त्याच्यासाठी. वल्ही आत आहेत. खाडीचं तोंड समोर दिसतंय." मग म्हणाली, "त्याला यायचं असेल तर फार लांब नाही."

मी दोर सोडला. ओला होता, जड होता. तिच्याकडे टाकला, तो तिने एका हाताने झेलला. बोट मागे सरली, वळली आणि निघाली. सहा वर्षं जिच्या शिडीखालून आम्ही जात-येत होतो, ती बोट पाण्यावर एवढी लहान दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

ड्वाइट आला तेव्हा सूर्य झाडांआड गेला होता. हातात कागदाची पिशवी. मोकळ्या धक्क्याच्या टोकापर्यंत तो चालत गेला. मग ऑफिसात आला आणि रेडिओचा माइक उचलला. त्या रेडिओवरचं बोलणं खाडीतल्या सगळ्या बोटींना ऐकू जातं. त्यालाही ठाऊक होतं, पण दुसरा उपाय नव्हता. कोरीनचा फोन बंद होता.

"कोरीन. कुठे आहेस तू?"

"समोर. दिवा दिसतोय बघ."

"मी क्लॅम्प आणलाय."

"बरं झालं. घेऊन ये."

ड्वाइटने खिडकीतून होडीकडे पाहिलं. पाणी आरशासारखं होतं. "सकाळी येतो," तो म्हणाला.

"ये. उजाडलं की मी नांगर उचलतेय."

"पण उद्या शुक्रवार, कोरीन."

"प्रवास आज सुरू झालाय, ड्वाइट."

"बोटीचा झाला. तुझा झाला. मी उद्या चढलो तर माझा शुक्रवारी सुरू होतो."

 तेवढ्यात रेडिओवर भलताच आवाज आला, पलीकडच्या धक्क्यावरच्या कुणा म्हाताऱ्याचा. "अरे बाबा, मग आत्ताच वल्हवत जा की. गुरुवार अजून संपला नाही."

कुठल्याशा बोटीवर कुणीतरी माइकमध्येच हसलं.

ड्वाइटने माइक टेबलावर ठेवला. लिनवुड त्या वेळी नेमका पाना शोधायला मागे गेला. मी एकटीच होते.

"मिस एग्नेस," ड्वाइट हळू आवाजात म्हणाला, "मला बोट आवडते. खरंच आवडते. खोलायला, जुळवायला, तिच्यावर झोपायला. पण काठ दिसेनासा झाला की मी नुसता मागे वळून तोच शोधत बसतो. पहिल्यांदा आम्ही दोघं एरी सरोवरात गेलो होतो, तेव्हाच कळलं होतं मला."

"तिला का नाही सांगितलं?"

"तोवर लोकांना सांगून बसलो होतो ना. जाणार म्हणून." त्याने पिशवीतून ती पट्टी काढली आणि तळहातावर ठेवली. "आणि मी बोलायला लागलो की ती ऐकायची. घरात दुसरं काही ती एवढं ऐकत नसे."

 मी म्हटलं, "ड्वाइट, ती निघून जाईल हो. बोटीसकट, नाहीतर बोटीशिवाय. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. इंजिनियर माणूस. त्याला कळलं.

त्याने पट्टी पिशवीत परत ठेवली. मग माइक उचलला. सगळी खाडी ऐकत होती. "कोरीन, मला समुद्राची भीती वाटते. पहिल्यापासून वाटते."

कुणी हसलं नाही.

मग कोरीन म्हणाली, "मला वाटलं, माझी वाटते."

"काय?"

"मला वाटायचं, तुला माझ्याबरोबर जायची भीती वाटते. की मला जमणार नाही, मी बोट आपटवीन. म्हणून तू निघत नाहीस."

"तुला? तू या खाडीतल्या कुणाहीपेक्षा बरी आहेस."

"हे तू कधी म्हणाला नाहीस."

"मी कधी बघायला आलो नाही," ड्वाइट म्हणाला. मग त्याने विचारलं, "दक्षिणेला हॅम्प्टन बंदरात कुठल्या धक्क्याला लागणार आहेस?"

"का?"

"तिथवर रस्ता आहे. परवा संध्याकाळी मी पोचतो. क्लॅम्प घेऊन. तोवर ती नळी तारेने बांधून ठेव, डाव्या बाजूची."

"बांधलीय कधीच," कोरीन म्हणाली.

सकाळी मी सर्व संतांच्या मिस्साहून आले तेव्हा खाडीचं तोंड मोकळं होतं आणि ड्वाइट गाडीत दुरुस्तीची हत्यारं भरत होता. गाडीने शुक्रवारी निघालेलं चालतं का, ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून तो तिच्याबरोबर आहे. म्हणजे काठाकाठाने आहे. ती दिवसादिवसाचे टप्पे करत खाली जाते, तो गाडीने पुढे जाऊन थांबतो. दोर झेलतो, काय बिघडलंय ते पाहतो, रात्री बोटीवरच जेवतो, झोपतो, आणि सकाळी ती सुटली की पुन्हा रस्त्याला लागतो. बॉफर्ट झालं, चार्ल्सटन झालं, सवाना झालं. घर नाही, पत्ता नाही, रोज वेगळं गाव. यार्डात नवीन कुणी आलं की लिनवुड सांगतो, आमच्याकडून खरोखर जे कायमचे प्रवासाला गेले, त्यांत ड्वाइट एक.

जानेवारीत फ्लोरिडाहून फोन आला. आधी कोरीन बोलली. नदीन तिच्याजवळ पोचली होती आणि दोघी दुसऱ्या दिवशी बहामाला जायला निघणार होत्या. आवाजावरून कळत होतं की नाक सोललेलं आहे.

"आणि ड्वाइट?" मी विचारलं. पुढे रस्ता नव्हता.

"विमानाची तिकिटं बघतोय. एवढी हत्यारं नेऊ देत नाहीत म्हणे, त्यावर वाद घालतोय. घे, त्यालाच देते."

ड्वाइट फोनवर आला. आधी टोस्टर चालतो का ते विचारलं. चालतो म्हटलं. मग म्हणाला, "मिस एग्नेस, लिनवुड आहे का जवळ? त्याला विचारा, पलीकडच्या त्या पहिल्या बेटावर रस्ता आहे का?"

मी विचारलं. लिनवुड तरुणपणी तिथे गेला होता. त्याने आठवून सांगितलं, आहे, एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी तसं सांगितलं.

"गाडी चालते?"

"चालते म्हणतो. हळू."

"चालेल," ड्वाइट म्हणाला. "मला घाई नाही."